मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील दुर्बीण शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील दुर्बीण शस्त्रक्रिया ही पोटावर मोठा छेद न घेता मोठ्या आतड्यातील किंवा गुदाशयातील कर्करोग काढून टाकण्याची पद्धत होय. पोटाच्या भित्तीला पाडलेल्या काही लहान छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची हत्यारे आत घालतात आणि पडद्यावरील चित्र पाहत गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचे काही निरोगी आतडे व त्या भागातील लसीका ग्रंथी एकत्रितपणे काढतात. वैद्यकीय परिभाषेत हिला लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया म्हणतात. रुग्णालयांत व बोलण्यात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द रूढ आहे. रोबोटच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया हे याच पद्धतीचे पुढचे रूप आहे.

पित्ताशयाच्या खड्यांसाठी दुर्बिणीची पद्धत निघाल्यावर ती चार-पाच वर्षांत जगभर रूढ झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मात्र ती मान्य होण्यास चौदा-पंधरा वर्षे लागली. हा विलंब तंत्राच्या अडचणींमुळे थोडा आणि एका गंभीर शंकेमुळे अधिक झाला. छेद लहान केल्याने रुग्णाचा त्रास कमी होतो हे लवकरच दिसून आले होते. पण त्या बदल्यात कर्करोग परत उलटण्याचा धोका वाढतो की काय, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. या शस्त्रक्रियेचा इतिहास मुख्यतः त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

शस्त्रक्रियेमागील तत्त्व

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. पोटाच्या उजव्या भागात खालून सुरू होऊन ते वर चढते, यकृताखाली वळून आडवे जाते, प्लीहेजवळ पुन्हा वळून डाव्या बाजूने खाली उतरते आणि एका नागमोडी भागानंतर गुदाशयाला मिळते. गुदाशयाची लांबी सुमारे १५ सेंमी असून तो ओटीपोटाच्या हाडांच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. या भागातील बहुतेक कर्करोग आतड्याच्या आतील अस्तरावर उगवणाऱ्या मोडांसारख्या निरुपद्रवी गाठींतून, म्हणजे पॉलिपमधून, अनेक वर्षांच्या अवधीत निर्माण होतात. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले व सुमारे ९ लाख रुग्ण त्याने दगावले.

आतडे हे पोटात मोकळे लोंबत नाही. रक्तवाहिन्या, लसीका वाहिन्या व चरबी यांनी भरलेल्या एका पडद्याने ते पाठीकडच्या भित्तीशी जोडलेले असते. या पडद्याला आंत्रबंध म्हणतात. कर्करोगाच्या पेशी गाठीतून सुटल्या की प्रथम या पडद्यातील लसीका ग्रंथींत अडकतात, आणि या ग्रंथी रक्तवाहिन्यांच्या कडेने ओवल्यासारख्या असतात. म्हणून केवळ गाठ काढून भागत नाही. तिला रक्त पुरविणारी धमनी मुळाशी बांधून आंत्रबंधाचा पंख्याच्या आकाराचा सगळा तुकडा आतड्यासह अखंड बाहेर काढावा लागतो. काढलेल्या भागात निदान १२ लसीका ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा सर्वमान्य संकेत आहे. त्याहून कमी तपासल्या गेल्यास रोगाचा टप्पा ठरविण्यात चूक होण्याचा संभव असतो.

गुदाशयाच्या बाबतीत हे तत्त्व इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये स्पष्टपणे मांडले. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते व त्या वेष्टनाबाहेर एक अतिशय पातळ, जवळजवळ रक्तहीन असा थर असतो. पूर्वी हा भाग हाताने, न पाहता सोडविला जाई. त्यात वेष्टन फाटे व कर्करोगाचे अवशेष आत राहून जात. हील्ड यांनी तो थर डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने, वेष्टन न फाडता सोडविण्याची पद्धत रूढ केली आणि त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची प्रत आजही याच मापाने ठरते: वेष्टन अखंड निघाले की नाही, आणि कापलेल्या कडेवर कर्करोग आहे की नाही.

पोटावरील व्रण चार इंचांचा आहे की एक इंचाचा, यावर यातले काहीच अवलंबून नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ‘छोटी’ असते हा समज त्यामुळे चुकीचा आहे. आत जे कापले, बांधले व जोडले जाते ते दोन्ही पद्धतींत तेच असते; फरक पडतो तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेत.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

रुग्णाला पूर्ण भूल दिल्यानंतर बेंबीजवळील छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. हा वायू पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो व श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून त्याची निवड झाली. पोटातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या १२ ते १५ मिमी इतका ठेवतात. तंबूसारख्या फुगलेल्या या पोकळीत पाच ते बारा मिमी व्यासाच्या चार-पाच नळ्या बसवितात. एकीतून कॅमेरा व बाकीच्यांतून पकडी, कात्री आणि उष्णतेने किंवा ध्वनिकंपनांनी रक्तवाहिन्या बंद करणारी उपकरणे आत जातात. शस्त्रक्रियेचे टेबल डोक्याकडे किंवा एका कुशीकडे कलते करतात. त्यामुळे लहान आतड्याची वेटोळी स्वतःच्या भाराने बाजूला सरकतात आणि काम करायला जागा होते.

या पद्धतीत शल्यचिकित्सक आपल्या बोटांचा स्पर्श गमावतो. उघड्या शस्त्रक्रियेत आतडे चाचपून गाठ सापडते. दुर्बिणीत लहान गाठ बाहेरून दिसतही नाही व हाताला लागतही नाही. चुकीचा भाग कापला जाऊ नये म्हणून आधी कोलोनोस्कोपी करतेवेळीच गाठीलगतच्या भित्तीत सुईने काळी शाई टोचून ठेवतात. गोंदणासारखी ही खूण पोटातून पाहताना स्पष्ट दिसते.

बहुतेक ठिकाणी प्रथम धमनीचे मूळ गाठून ती बंद करतात व मग आंत्रबंध मधून बाहेरच्या दिशेने सोडवीत नेतात. पाठीमागे मूत्रवाहिनी असते. ती ओळखल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा या शस्त्रक्रियेतील जुना दंडक आहे. सुटलेला भाग बाहेर काढण्यासाठी शेवटी चार ते सहा सेंमीचा एक छेद घ्यावाच लागतो. छेदाच्या कडांना गाठीचा स्पर्श होऊ नये म्हणून त्यात प्लास्टिकची बाही बसवितात. आतड्याची टोके टाके घालून किंवा स्टेपलरने जोडतात. डावीकडील व गुदाशयाच्या जोडासाठी गोल स्टेपलर गुदद्वारातून आत सरकवितात. त्यानंतर ओटीपोटात पाणी भरून आतड्यात खालून हवा सोडतात आणि सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधावे तसे बुडबुडे येतात का ते पाहतात. अलीकडे इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देऊन विशेष प्रकाशात जोडाचा रक्तपुरवठाही तपासता येतो. जोड गुदद्वाराच्या फार जवळ असल्यास तो भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड काही काळ पोटावर आणून तिथे पिशवी लावतात. ही पिशवी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने टळत नाही. ती लागेल की नाही हे प्रामुख्याने गाठीच्या जागेवर अवलंबून असते.

उगम

पोटात हवा भरून नळीतून आत पाहण्याचा प्रयोग जर्मनीतील ड्रेस्डेनचे गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर केला. पुढे अनेक दशके हे तंत्र निदानापुरते आणि स्त्रीरोगशास्त्रात वापरले गेले. कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांना स्वतःच्या देशातील शल्यचिकित्सकांचा रोष पत्करावा लागला. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी व १९८७ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे फिलिप मूरे यांनी पित्ताशय काढले. याच सुमारास नळीच्या टोकाला व्हिडिओ कॅमेरा जोडणे शक्य झाले. तोवर नळीला डोळा लावलेल्या एकट्यालाच आतले दिसत असे. आता संपूर्ण चमू पडद्यावर एकच दृश्य पाहू लागला आणि मदतनिसाला खरी मदत करता येऊ लागली. आतड्यासारख्या लांबलचक अवयवाची शस्त्रक्रिया याशिवाय कल्पनेतही आली नसती.

भारतात या तंत्राची सुरुवात मुंबईत झाली. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७० च्या दशकापासून दुर्बिणीचा वापर पोटाच्या विकारांच्या निदानासाठी केला होता. १९९० मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. अशा शस्त्रक्रिया प्रथम एका सरकारी रुग्णालयात झाल्या, ही बाब आज या तंत्राकडे श्रीमंतांची चैन म्हणून पाहणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील मायामी येथे मोइसेस जेकब्स यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला आणि १९९१ मध्ये आपल्या पहिल्या २० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पित्ताशयाला एक धमनी, एक नळी व एक ठरलेली जागा असते. मोठे आतडे मात्र पोटाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेले असते, त्याच्या रक्तवाहिन्या जाड असतात, कापल्यावर टोके पुन्हा जोडावी लागतात आणि काढलेला भाग छिद्रातून मावत नाही. तरीही हे सगळे कौशल्याने साधण्यासारखे होते. खरी अडचण निराळीच निघाली.

छिद्रांच्या जागी उलटलेला कर्करोग

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात वैद्यकीय नियतकालिकांत एकामागून एक अस्वस्थ करणारे वृत्तांत येऊ लागले. दुर्बिणीने आतड्याचा कर्करोग काढलेल्या काही रुग्णांच्या पोटावर, नेमक्या नळ्या घातलेल्या छिद्रांच्या जागी, काही महिन्यांतच कर्करोगाच्या गाठी उगवल्या होत्या. काहींचा मूळ रोग फारसा पसरलेलाही नव्हता. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील शल्यचिकित्सकांनी ‘द लॅन्सेट’मध्ये कळविले की त्यांच्या १४ रुग्णांपैकी तिघांत असे घडले, म्हणजे २१ टक्के. उघड्या शस्त्रक्रियेच्या व्रणात कर्करोग उलटण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास मानले जात असे.

१४ ही संख्या निष्कर्ष काढण्यास फार लहान आहे, हे तेव्हाही दिसत होते. पण ज्या रुग्णाचा रोग कदाचित कायमचा बरा झाला असता, त्याला केवळ व्रण लहान असावा म्हणून असा धोका पत्करायला लावणे कोणत्याही वैद्याला पटणारे नव्हते. अमेरिकेतील मोठे आतडे व गुदाशय शल्यचिकित्सकांच्या संघटनेने त्याच वर्षी भूमिका घेतली की कर्करोगासाठी ही पद्धत सरसकट स्वीकारणे अकाली ठरेल. ती शास्त्रीय चाचण्यांच्या चौकटीत तपासावी. अनेक शल्यचिकित्सकांनी स्वतःहून हात आखडता घेतला.

कारणांविषयी बरेच तर्क झाले. वायूच्या दाबाने कर्करोगाच्या पेशी तुषारांसारख्या उडतात आणि नळीच्या कडेने वायू निसटताना त्या जखमेत बसतात, असे एक मत होते. गाठ थेट हत्याराने पकडली गेल्याने पेशी सांडतात व हत्यारांबरोबर छिद्रांत येतात, असे दुसरे. संरक्षणाशिवाय अरुंद छेदातून गाठ ओढून काढताना ती जखमेला घासते, हे तिसरे. प्राण्यांवरील प्रयोगांतून प्रत्येक मताला थोडाफार आधार मिळाला. व्यवहारात तिन्हींवर एकदमच उपाय झाले. गाठीला हात न लावणे, छेदाला बाही बसविणे, नळ्या पक्क्या बसवून त्या काढण्यापूर्वी वायू नळीवाटेच सोडून देणे, हे नियम या भीतीच्या काळात रुजले व आजही पाळले जातात.

तुलनात्मक चाचण्या

शंका फेडण्याचा एकच मार्ग होता: सारख्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागायचे, एका गटाची उघडी व दुसऱ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया करायची आणि काही वर्षे दोघांवर नजर ठेवायची. अशा चार चाचण्यांवर आजची वैद्यकीय भूमिका मुख्यतः उभी आहे.

बार्सिलोना येथील अँटोनियो लासी व सहकाऱ्यांनी २१९ रुग्णांवरील आपली चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दुर्बिणीच्या गटाचे कर्करोगापासूनचे मृत्यू उलट कमीच आढळले. हा निष्कर्ष एकाच रुग्णालयातील, एकाच चमूचा होता. पुढच्या मोठ्या चाचण्यांत असा ठळक फायदा दिसला नाही. निर्णायक ठरली ती ‘कॉस्ट’ या नावाने ओळखली जाणारी उत्तर अमेरिकेतील चाचणी. १९९४ मध्ये, भीती शिगेला असतानाच, ती सुरू झाली. ४८ रुग्णालयांतील ८७२ रुग्ण तिच्यात होते. सहभागी होऊ इच्छिणाऱ्या शल्यचिकित्सकाने अशा निदान २० शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात व त्यांपैकी एकीची चित्रफीत तपासणीसाठी द्यावी, अशी अट होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, तर उघड्या गटात १८ टक्के होते. जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६ व ८५ टक्के. जखमेत रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी भरले. दहा वर्षांपूर्वीचा २१ टक्क्यांचा आकडा हा पद्धतीचा अटळ दोष नसून अपक्व तंत्राचा परिणाम होता, असे मानण्यास आता आधार मिळाला.

युरोपातील ‘कलर’ चाचणीत १,२४८ रुग्ण होते. तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ७४.२ टक्के व उघड्या गटात ७६.२ टक्के आले. हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान होता.

ब्रिटनमधील ‘क्लासिक’ चाचणी मात्र दुसऱ्या कारणासाठी वाचनीय आहे. तिच्यातील ७९४ रुग्णांत गुदाशयाचे रुग्णही होते, आणि दुर्बिणीने सुरू केलेल्या शस्त्रक्रियांपैकी २९ टक्के मध्येच उघड्या कराव्या लागल्या. असे करणे म्हणजे चूक नव्हे; रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, गाठ शेजारच्या अवयवात रुतलेली असेल किंवा जागा नीट दिसत नसेल, तर पोट उघडणे हाच शहाणपणा असतो. पण या चाचणीत हे प्रमाण पहिल्या वर्षी ३८ टक्के होते व सहाव्या वर्षी ते १६ टक्क्यांवर उतरले. शल्यचिकित्सक चाचणी चालू असतानाच शिकत होते, हे त्यातून उघड होते. २००५ च्या एका ब्रिटिश अभ्यासाने हा शिकण्याचा काळ मोजण्याचा प्रयत्न केला. आतड्याच्या उजव्या भागासाठी सुमारे ५५ व डाव्या भागासाठी सुमारे ६२ शस्त्रक्रियांनंतर हात स्थिरावतो, असे त्यात आढळले. इतक्या शस्त्रक्रिया करण्यास लहान गावातील शल्यचिकित्सकाला कित्येक वर्षे लागतील.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २००० मध्ये उघड्या शस्त्रक्रियेलाच पसंती दिली होती. २००६ मध्ये तिने आपली भूमिका बदलून दुर्बिणीची पद्धत तुल्य पर्याय म्हणून मान्य केली, पण शल्यचिकित्सक पुरेसा प्रशिक्षित असावा ही अट घातली. पुरेसे प्रशिक्षित शल्यचिकित्सकच नव्हते, म्हणून इंग्लंडला ‘लॅपको’ नावाचा राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम उभारावा लागला. नव्या शिकाऊंना नव्हे, तर आधीच नेमणुकीवर असलेल्या अनुभवी शल्यचिकित्सकांना गुरूच्या देखरेखीखाली पुन्हा शिकविणे, असे त्याचे स्वरूप होते.

गुदाशयाचा प्रश्न

वर सांगितलेला निर्वाळा मुख्यतः गुदाशयाच्या वरच्या आतड्यापुरता आहे. गुदाशयाची गोष्ट वेगळी. ओटीपोटाची पोकळी खाली निमुळती होत जाते. पुरुषांत, त्यातही स्थूल पुरुषांत, ती अधिकच अरुंद असते. सरळ दांड्याची हत्यारे तिथे एकमेकांना अडतात आणि स्टेपलर हव्या त्या कोनात वळत नाही. मूत्राशय व लैंगिक कार्ये सांभाळणाऱ्या चेता याच भागातून, वेष्टनाला चिकटून जातात. ‘क्लासिक’ चाचणीत गुदाशयाचा वरचा भाग काढताना कापलेल्या कडेवर कर्करोग आढळण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १२ टक्के व उघड्या गटात ६ टक्के होते. संख्या लहान असल्याने फरक सिद्ध मानला गेला नाही, तरी शंका उरली.

नंतरच्या चाचण्यांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली. दक्षिण कोरियातील ‘कोरियन’ चाचणी व आठ देशांतील १,०४४ रुग्णांची ‘कलर २’ चाचणी यांत दोन्ही पद्धती तुल्य ठरल्या. ‘कलर २’मध्ये तीन वर्षांत त्याच भागात रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के होते. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दुर्बिणीची पद्धत ‘कमी प्रतीची नाही’ असे सिद्ध करता आले नाही. त्यांत यशाचे माप काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवरून ठरविले होते. उत्तर अमेरिकेतील चाचणीत असे यश दुर्बिणीच्या गटात ८१.७ टक्के व उघड्या गटात ८६.९ टक्के, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील चाचणीत ८२ व ८९ टक्के भरले.

या आकड्यांचा अर्थ लावताना घाई होते. ‘कमी प्रतीची नाही हे सिद्ध झाले नाही’ आणि ‘कमी प्रतीची आहे हे सिद्ध झाले’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. दोन्ही चाचण्यांच्या पुढील पाठपुराव्यात रोग उलटण्यात किंवा जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही त्यांची सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातील कर्करोगासाठी, विशेषतः पुरुष रुग्णांत, पद्धतीपेक्षा त्या शल्यचिकित्सकाचा त्या भागातील अनुभव अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

रोबोट व गुदमार्गे शस्त्रक्रिया

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. शल्यचिकित्सक शेजारच्या आसनावर बसून हातांची जी हालचाल करतो ती रोबोटचे बाहू पोटात करतात. त्याच्या हत्यारांना मनगटासारखा सांधा असतो, चित्र त्रिमितीय दिसते व हाताचा कंप गाळला जातो. अरुंद ओटीपोटात हे उपयोगी पडावे अशी अपेक्षा होती. दहा देशांतील ४७१ रुग्णांच्या ‘रोलार’ चाचणीत मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटच्या गटात ८.१ टक्के व साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा फरक निःसंशय म्हणण्याइतका मोठा नव्हता. चीनमधील ‘रिअल’ चाचणीत मात्र गुदाशयाच्या मधल्या व खालच्या भागाच्या कर्करोगात तीन वर्षांत त्या भागात रोग उलटण्याचे प्रमाण रोबोटने १.६ टक्के, तर साध्या दुर्बिणीने ४ टक्के आढळले. त्या चाचणीतील शल्यचिकित्सक अतिशय अनुभवी होते. अशा हातांना मिळालेले यश सर्वत्र मिळेल असे गृहीत धरता येत नाही. रोबोटचा खर्चही साध्या दुर्बिणीहून पुष्कळ अधिक असतो.

दुसरा प्रयत्न खालून, म्हणजे गुदद्वारातून वर जात गुदाशय सोडविण्याचा होता. २०१० च्या सुमारास पुढे आलेली ही पद्धत गुदाशयाच्या सर्वांत अवघड भागाशी थेट पोहोचते, म्हणून तिचे मोठे स्वागत झाले. नॉर्वेत तिने शस्त्रक्रिया झालेल्या १५७ रुग्णांपैकी १२ जणांत त्याच भागात कर्करोग उलटला. तो लवकर व एकाच वेळी अनेक ठिकाणी उलटला होता. नॉर्वेने ही पद्धत देशभर थांबविली. काही देशांतील निवडक केंद्रांत ती अजूनही केली जाते. छिद्रांच्या जागी उलटलेल्या कर्करोगाचा प्रसंग ज्यांना आठवत होता, त्यांना यात ओळखीचे बरेच काही दिसले असेल. फरक इतकाच की यावेळी राष्ट्रीय नोंदवहीमुळे धोका लवकर ध्यानात आला.

लाभ, मर्यादा व रुग्णाची निवड

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी असतात, आतड्याची हालचाल लवकर सुरू होते, जखम चिघळण्याचे व पुढे व्रणाच्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण कमी असते. पोट चिकटून आतड्याला अडथळा होण्याचे प्रकारही कमी होतात. रुग्णालयातील मुक्कामात मात्र लोकांना वाटते तेवढा फरक नसतो. ‘कॉस्ट’ चाचणीत तो सहा दिवसांवरून पाचवर आला. शस्त्रक्रियेचा वेळ उलट ९५ मिनिटांवरून १५० मिनिटांवर गेला. मुक्काम कमी करण्यात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी आखलेल्या शुश्रूषापद्धतीचाही मोठा वाटा आहे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवसापासून खायला देणे, चालविणे, नळ्या लवकर काढणे व अफूजन्य वेदनाशामके टाळणे ही तिची सूत्रे उघड्या शस्त्रक्रियेनंतरही लागू पडतात. दोन्हींची सांगड घातल्यास रुग्ण सर्वांत लवकर घरी जातो, असे डच ‘लाफा’ चाचणीत दिसले.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखल्यास नातेवाईक हृदयविकाराच्या शंकेने घाबरतात. पोटात उरलेल्या वायूने श्वासपटल चेतविले जाते व त्याच्या चेतेची वेदना खांद्यात जाणवते. वायू शोषला गेला की ती थांबते. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे असल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

सर्वांत धोकादायक गुंतागुंत म्हणजे आतड्याचा जोड गळणे. ती दुर्बिणीच्या पद्धतीने कमी होत नाही, आणि जोड आतच असल्याने लहान व्रणाकडे पाहून तिचा सुगावाही लागत नाही. ताप, वाढती नाडी, पोट फुगणे ही चिन्हे दोन्ही पद्धतींत सारख्याच तत्परतेने घ्यावी लागतात.

गाठ मूत्राशयासारख्या शेजारच्या अवयवात शिरली असेल, आतडे बंद पडून फुगले असेल, ते फुटले असेल, किंवा हृदय-फुप्फुसांना वायूचा दाब व डोके खाली केलेली स्थिती सोसणार नसेल, तर उघडी शस्त्रक्रिया श्रेयस्कर ठरते. आधी झालेल्या शस्त्रक्रियांमुळे पोट चिकटलेले असणे ही अडचण आहे, पण ती पूर्ण आडकाठी नव्हे. याच्या उलट टोकाला, केवळ वरच्या अस्तरात असलेला अगदी आरंभीचा कर्करोग कोलोनोस्कोपीतूनच काढता येतो व त्या रुग्णाला पोटावर एकही छिद्र लागत नाही.

भारतातील स्थिती

भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. मुंबईची कर्करोग नोंदवही १९६३ पासून व सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदवही १९८७ पासून चालू आहे. बार्शी भागात हे प्रमाण मुंबईहूनही कमी आढळते. दिलासा देणाऱ्या या आकड्याची दुसरी बाजू अशी की रुग्ण विखुरलेले असल्याने एका शल्यचिकित्सकाच्या वाट्याला ते थोडेच येतात आणि हात बसायला वेळ लागतो. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय व इतर मोठ्या केंद्रांत दुर्बिणीच्या व रोबोटच्या अशा शस्त्रक्रिया नियमित होतात. जिल्हा पातळीवर पित्ताशय व अपेंडिक्स दुर्बिणीने काढले जाणे आता सर्रास आहे, पण त्यावरून तेथे आतड्याच्या कर्करोगाचाही अनुभव असेल असे समजता येत नाही.

त्याहून मोठी अडचण रुग्ण उशिरा येण्याची आहे. शौचावाटे रक्त पडणे हे गुदाशयाच्या कर्करोगाचे एक मुख्य लक्षण आहे. ते मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती औषधे, लेप व जाहिरातीतील उपचार चालतात. गुदद्वारातून बोटाने केलेली साधी तपासणी गुदाशयाच्या खालच्या भागातील पुष्कळ गाठी ओळखू शकते. पण संकोचामुळे ती रुग्ण टाळतो व कधी डॉक्टरही. आतडे बंद पडून पोट फुगल्यावर रुग्ण रात्री-अपरात्री रुग्णालयात येतो, तेव्हा दुर्बिणीचा पर्याय बहुधा हातातून गेलेला असतो.

खर्चाचा भार स्टेपलर व रक्तवाहिन्या बंद करणारी उपकरणे यांवर अधिक पडतो. एकदाच वापरावयाची ही साधने अनेकदा रुग्णाच्या नातेवाइकांना वेगळी विकत आणावी लागतात. शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने झाली तरी काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल सारखाच असतो. गाठ भित्तीत किती खोल गेली, किती लसीका ग्रंथी तपासल्या व त्यांपैकी किती बाधित निघाल्या, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, हे त्यात लिहिलेले असते. पुढे केमोथेरपी द्यायची की नाही हे प्रामुख्याने त्या कागदावरून ठरते. पोटावरील व्रणांची त्यात नोंदही नसते.